हजेरी नाही, दर हजारी

रमजानचा चाँद दिसला की घरातला पहिला बदल घड्याळात होतो. सहरीसाठी पहाटे उठायचे, रात्री तरावीहहून उशिरा परतायचे आणि या दोन टोकांच्या मध्ये नोकरी, दुकान, गिरणी, शाळा सगळे बसवायचे. आखाती देशांनी याची कायद्यातच सोय केली आहे. संयुक्त अरब अमिरातीत खासगी कंपन्यांनाही या महिन्यात रोजचे काम दोन तासांनी कमी करावे लागते आणि ही सवलत रोजा न धरणाऱ्यालाही मिळते. सौदी अरेबियात मुस्लिम कामगाराकडून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. अमिरातीतल्या सरकारी कार्यालयांनी अलीकडच्या काही वर्षांत रमजानमधल्या शुक्रवारी अनेक कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायची मुभा दिली. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही, समजूतदारपणा आहे. इफ्तारच्या अर्धा तास आधी गल्ल्यावरून उठू देणारा मालक आणि ईदनंतर तेवढा वेळ न बोलता भरून देणारा नोकर, अशा जोड्या आपल्या प्रत्येक बाजारपेठेत सापडतात.

पण मालकाच्या मनात एक प्रश्न असतोच. माणूस डोळ्यांसमोर नसला, किंवा आपल्या सोयीने आला-गेला, तर आपले नुकसान किती? करोनाच्या साथीनंतर या प्रश्नाला ‘वर्क फ्रॉम होम’ हे नाव चिकटले आणि जणू २०२० साली लॅपटॉपबरोबरच तो जन्माला आला असे सगळे बोलू लागले. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या आजही त्यावर वाद घालत आहेत. गोंदिया जिल्ह्याला मात्र हा प्रश्न नवा नाही. इथल्या मालकांनी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ हजारो माणसे त्यांच्या घरीच ठेवून, त्यांच्याच वेळेने कामाला लावली आहेत. नफा-तोट्याचा इतका लांब हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळेल. तो हिशेब विडीचा आहे.

विडी आरोग्याला घातक आहे, यात वाद नाही. इथे विषय ती ओढण्याचा नाही, ती कशी तयार होते याचा आहे. गुजरातेत १८९९–१९०० साली मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६चा म्हणून तो ‘छप्पनिया’ या नावाने ओळखला जातो. त्या काळात पोटासाठी बाहेर पडलेल्या गुजराती माणसांपैकी काही मध्य प्रांतात आली आणि जंगलातले तेंदूचे पान त्यांच्या नजरेत भरले. जबलपूर, सागर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात पान मुबलक होते, रेल्वे पोचली होती आणि शेती वर्षातले काही महिनेच काम देत होती. गोंदियाचे मनोहरभाई पटेल याच धंद्यात मोठे झाले. त्यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांत आजही जिल्ह्यातली मुले-मुली शिकतात. विडीच्या पैशाने इथे काय काय उभे राहिले, हा एक स्वतंत्र लेख होईल.

कामाची पद्धत साधी आहे. कंपनी पान, तंबाखू आणि सूत सट्टेदाराला देते. सट्टेदार ते मोजून-मापून बायकांना वाटतो. बाई पान भिजवते, साच्याच्या मापाने कातरीने कापते, चिमूटभर तंबाखू भरून वळते, तोंड मुडपते, सूत बांधते. पंचवीस विड्यांचा कट्टा होतो. ठरल्या दिवशी माल सट्टेदाराकडे जातो, तिथे तो मोजला जातो, वाईट विड्या बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्यांची मजुरी हजाराच्या दराने लागते. भट्टीत शेकणे, लेबल लावणे, पुडे बांधणे ही कामे कारखान्यात होतात. म्हणजे कामाचा सगळ्यात वेळखाऊ भाग, वळण्याचा, घरी आणि बाकीचा कारखान्यात.

‘हजेरी’ हा आपला रोजचा शब्द अरबी ‘हाजिर’वरून आला. समोर असणे, उपस्थित असणे, एवढाच त्याचा अर्थ. नोकरीची आपली कल्पनाच या शब्दावर उभी आहे. माणूस आला, त्याच्या नावापुढे खूण झाली, दिवस भरला. विडीच्या धंद्याने ही हजेरी मोडीत काढली आणि तिच्या जागी ‘दर हजारी’ आणली. बाई किती वाजता बसली, मध्ये किती वेळा उठली, चुलीवरचे दूध उतू गेले की नाही, याच्याशी कंपनीला घेणे-देणे नाही. किती हजार झाल्या आणि कशा झाल्या, एवढेच विचारायचे.

यात मालकाचा फायदा किती, ते आकड्यांत मांडून पाहावे. बाई दिवसाला आठशे विड्या वळते असे धरले, तर रोज एक लाख विड्यांसाठी सव्वाशे बाया लागतात. त्यांना एका छताखाली बसवायचे म्हटले तर जागा, छप्पर, दिवे, पिण्याचे पाणी, संडास, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर आणि देखरेखीला दोन-तीन मुकादम, हे सगळे आले. घरी वळल्या तर यातले काहीच लागत नाही. मागणी वाढली की आणखी पंचवीस घरी पान पाठवायचे, भिंत पाडून शेड वाढवायला नको.

दुसरा फायदा याहून मोठा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या फाटकात जाऊ शकणाऱ्या बायका थोड्या असतात. जिला लहान मूल आहे, जिची सासू अंथरुणाला खिळली आहे, जिच्या घरात बाईने बाहेर कामाला जायची रीत नाही, जी पायाने अधू आहे, ती फाटकापर्यंत पोचतच नाही. घरापर्यंत काम नेल्याबरोबर या सगळ्या जणी कामगार झाल्या. मालकाला निवडीसाठी एक गाव नाही, सारा तालुका मिळाला. रोजा धरणारी बाई फजरनंतरच्या गारव्यात दोन-अडीचशे विड्या उरकते, दुपारी पाठ टेकते, अस्रनंतर स्वयंपाकाला लागते. तिला कोणाकडे सवलत मागावी लागत नाही आणि मालकालाही ती द्यावी लागत नाही. शिवाय अशी बाई काम सोडून सहसा जात नाही. वर्षानुवर्षे तोच सट्टेदार, तेच घर, आईच्या हाताखालून मुलीच्या हातात उतरलेले तेच कसब. (ते कसब कितव्या वर्षी उतरते, हा प्रश्न मात्र रॉयल कमिशन ऑन लेबरलाही १९३१ साली पडला होता. विडीच्या कामाला लावलेल्या लहान मुलांची दखल त्याच्या अहवालात आहे.)

तिसरा फायदा ऋतूंचा. गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणी आली की गावातला प्रत्येक मोकळा हात बांधीत असतो. पुढे निंदण, मग कापणी. उन्हाळ्यात मोह वेचणे आणि तेंदूपत्त्याची तोडाई. विडी या सगळ्याच्या फटींत बसते. रोवणीच्या दिवसांत बाई विडीचे सूप बाजूला ठेवते आणि बांधीतून परतली की पुन्हा मांडीवर घेते. मालकाने त्या रिकाम्या दिवसांचा पगार दिलेला नसतो आणि बाईलाही शेतावरची मजुरी सुटलेली नसते.

ही लवचिकता सरकारला एकदा इतकी खटकली की तिच्याविरुद्ध कायदा झाला. धान्यटंचाईच्या काळात, १९४८ साली, मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यावर बंदी घालता येईल असा कायदा केला. भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाही, तेव्हा याच प्रांतात होता. सागर जिल्ह्यात १९५० साली तशी बंदी निघाली आणि तिथला एक विडी कारखानदार आणि एक कामगार असे दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याच नोव्हेंबरात निकाल लागला आणि बंदी रद्द झाली. न्यायालयाचे म्हणणे असे की, शेतीला मजूर मिळावेत हा हेतू ठीक, पण ही बंदी म्हातारी, अपंग, शेतात राबू न शकणारी बाई यांचाही घास काढून घेते. शेतीच्या वेळा सांभाळायच्या तर विडीच्या कामाचे तास ठरवून देता आले असते, असेही न्यायालयाने सुचवले. उद्योग-स्वातंत्र्यावर वाजवीपेक्षा जास्त बंधन घालता येत नाही, हे शिकवताना कायद्याचे प्राध्यापक आजही चिंतामणराव खटल्याचाच दाखला देतात. फाटकापर्यंत जाऊ न शकणाऱ्या माणसालाही कामाचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्या घटनेच्या पहिल्याच वर्षात, विडीच्या निमित्ताने मांडली गेली.

इथवरचे फायदे कामाच्या पद्धतीतूनच येतात. जागा वाचते, माणसे जास्त मिळतात आणि टिकतात, कामगारालाही सोय होते. यात कोणाचे काही हिरावले जात नाही. मालकांनी घरकामात आणखी एक फायदा शोधला होता. तो वेगळ्या जातीचा आहे आणि नेमका तोच आजच्या चर्चेत पहिल्या फायद्यात मिसळून टाकला जातो.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाने कायदा आला. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार एका जागी असतील तर तासांची मर्यादा, पगारी रजा, स्वच्छता, पाळणाघर लागू झाले. विडीच्या मालकांनी मोठे कारखाने फोडून छोटे केले आणि जास्तीत जास्त काम घरोघर पाठवले. हा कोणा कामगार पुढाऱ्याचा आरोप नाही. पुढे १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा करताना सरकारने विधेयकाच्या उद्देशातच ही पळवाट नोंदवली आहे. घरी वळणारी बाई ‘आमची कामगार’ नाही, ती सट्टेदाराची. आणि सट्टेदार? तो स्वतंत्र ठेकेदार. कागदावर कंपनीत दहा कारकून, आणि विड्या मात्र रोज लाखोंनी.

मग पुढची पंचवीस वर्षे न्यायालयांपुढे एकच प्रश्न फिरून फिरून येत राहिला. आपल्या मर्जीने येणारा-जाणारा माणूस कामगार म्हणायचा की नाही? नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात, ज्याचा निकाल १९६१च्या विधिअहवालात छापला आहे, कामगार केव्हाही येऊ-जाऊ शकत होते, पैसे नगावर मिळत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले आणि रजेचा हक्क दिला. थोड्याच काळाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट सांगितले. ज्याच्यावर वेळेचे बंधन नाही आणि काम कसे करावे यावर कोणाची देखरेख नाही, तो कारखाने कायद्याखालचा कामगार नव्हे. एकाच न्यायालयाची, एकाच धंद्यातली, दोन वर्षांच्या आतली दोन उत्तरे. आज अ‍ॅपवरून काम घेऊन मोटारसायकलवर जेवण पोचवणारा मुलगा ‘कर्मचारी’ की ‘भागीदार’, यावर जगभर खल चालला आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा या दोन निकालांत सापडतो.

सेलमच्या विडी कामगारांच्या खटल्यात १९६४ साली मधल्या ठेकेदाराचा पडदा दूर झाला. पान कंपनीचे, तंबाखू कंपनीची, माल कंपनीचा, दर कंपनीने ठरवलेला, मग ठेकेदार हा कंपनीचा हस्तकच आणि घरी वळणारे कंपनीचे कामगार, असे न्यायालयाने म्हटले. दोन वर्षांनी १९६६चा विडी व सिगार कामगार कायदा आला. त्यात घरी बसून वळणाऱ्याला सरळ नावानिशी कर्मचारी मानले. पगारी रजा आली, आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणारी भांडणे कुठे न्यायची याचीही व्यवस्था आली. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६चा. त्यातून ओळखपत्र, दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत सुरू झाली. भविष्यनिर्वाह निधीची योजना विडीला १९७७ साली लागू झाली. मालकांनी ‘घरी वळणाऱ्यांना नाही’ असा पवित्रा घेतला, तेव्हा १९८५च्या पी. एम. पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरी वळणाऱ्यांनाही त्यात घेतले.

या १९८५च्या निकालातला एक विचार आजच्या मालकांनी आणि आजच्या दूरस्थ नोकरांनी, दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मालकांचे म्हणणे होते, आम्ही तिच्या घरात जाऊन पाहत नाही, मग आमचे नियंत्रण कुठे? न्यायालयाने सांगितले की वाईट विडी नाकारण्याचा हक्क तुमच्या हातात आहे, तेवढे नियंत्रण पुरे. सट्टेदाराच्या ओट्यावर बाईसमोर जे घडते ते हेच. हजारातल्या किती नापास होणार हे तिच्या हातात नसते. नापास झालेल्यांचे पान गेले, तंबाखू गेली, वेळ गेला. पानात छिद्रे निघाली आणि संख्या भरेना, तर तूट भरायला पान तिनेच विकत आणायचे, ही तक्रार या धंद्यात जुनी आहे. मालक दिसत नाही म्हणून त्याची सत्ता कमी होत नाही. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर माऊस किती वेळा हलला हे मोजणारी आजची यंत्रणा त्यामानाने फारच ओबडधोबड. सट्टेदाराला असे काही लागत नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सगळे कायदे आल्यावर, घरी वळणारी बाई कागदावर तरी पूर्ण कामगार झाल्यावर, मालकांनी विडीचे काम घरांतून काढून पुन्हा कारखान्यात नेले का? नाही. विडी घरीच वळली जात राहिली. सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे पन्नास लाख विडी कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यांतल्या बहुतेक घरी वळणाऱ्या. कायद्याची अंमलबजावणी पुरी झाली असे कोणीच म्हणणार नाही. एका ओळखपत्रावर दोघींचे काम, नोंदवहीत कमी आणि प्रत्यक्षात जास्त माल, या गोष्टी चालतच राहिल्या. तरीही पळवाट हाच एकमेव फायदा असता, तर ती अरुंद झाल्यावर शेड पुन्हा उभ्या राहायला हव्या होत्या. तशा त्या राहिल्या नाहीत. जागेची बचत, माणसांची विपुलता, ऋतूंशी जुळणे आणि कामगाराचे टिकणे, हे फायदे पीएफचा वाटा भरूनही शिल्लक उरतात.

हीच गोष्ट अगदी वेगळ्या जगात, वेगळ्या रीतीने मोजली गेली आहे. चीनमधल्या ‘सीट्रिप’ या प्रवास कंपनीने २०१०च्या अखेरीस शांघायच्या कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एक गट नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होता, दुसरा कार्यालयातून. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि कंपनीची माणशी वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरची बचत दिसली. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या सांगणारे कमी भेटतात. काम तितकेच चांगले असूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली, कारण ते साहेबांच्या नजरेसमोर नव्हते. आणि नऊ महिन्यांनंतर निवड दिली, तेव्हा घरी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे मोठे कारण होते. विडीवाल्या बायका दुपारी एका ओसरीवर पाच-सहा जणी मिळून वळत बसतात. त्यांनी तो इलाज कोणत्याही अभ्यासाशिवाय शोधलेला आहे.

याच कंपनीत पुढे झालेला दुसरा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिले. कामाची प्रत घसरली नाही आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. गंमत व्यवस्थापकांची. प्रयोगाआधी त्यांना वाटत होते की काम थोडे घटेल, प्रयोगानंतर त्यांचेच मत झाले की थोडे वाढते. अनुभवी माणूस गेला की नव्याला शोधणे, शिकवणे, त्याच्या चुका सोसणे यात किती पैसा जातो, हे ज्याने स्वतःचे दुकान चालवले आहे त्याला सांगायला नको.

चीनचे आकडे सोडून गोंदियाच्या भातगिरणीत यावे. गिरणीला हिशेबाचा माणूस लागतो, पण महिनाभर सारखा नाही. जीएसटीची दोन विवरणपत्रे महिन्याच्या ११ आणि २० तारखेला भरायची असतात. त्याच्या मागचे-पुढचे काही दिवस घाईचे. धानाच्या हंगामात सरकारी धान भरडाईचा हिशेब वाढतो, नंतर ओसरतो. अशा गिरणीला पूर्ण पगाराचा मुनीम परवडत नाही आणि अर्ध्या पगारात चांगला मिळत नाही. त्याच वेळी सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगावमध्ये बी. कॉम. होऊन टॅली शिकलेली मुलगी घरी बसलेली असते, कारण रोज गोंदियाला येणे-जाणे घरच्यांना पटत नाही, किंवा लग्न होऊन मूल लहान असते. बिलांचे फोटो मोबाईलवरून पाठवायला आता काहीच लागत नाही. मालकाने तिला महिन्याचे बारा दिवस, तिच्या सोयीच्या वेळेत, तारखेच्या आत काम पुरे करण्याच्या बोलीवर घेतले, तर त्याला चांगला मुनीम मिळतो आणि तिला शिक्षणाचा उपयोग. रमजानमध्ये ती रात्री तरावीहनंतर बसली काय किंवा सकाळी बसली काय, २० तारीख गाठली की झाले. कोचिंग क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करणे, दवाखान्याच्या भेटीच्या वेळा फोनवर ठरवणे, अडत्याच्या वसुलीची आठवण करणे, अशी कितीतरी कामे आहेत ज्यांना हजेरी लागत नाही.

या बोलीत एक गोष्ट मात्र आधीच ठरायला हवी, आणि ती विडीच्या अनुभवातूनच कळते. घरून काम म्हणजे घरचा खर्च. विडी वळणाऱ्या बाईच्या खोलीत तंबाखूची धूळ बसते. कारखान्यात तो वारा बाहेर काढायची जबाबदारी मालकाची असती, घरात ती कोणाचीच नाही. कातर तिची, सूप तिचे, दिवाही तिचाच. टॅली करणाऱ्या मुलीच्या बाबतीत वीज, इंटरनेट आणि कॉम्प्युटर तिचेच राहणार असतील, तर मालकाची बचत तिच्या खिशातून झाली. सीट्रिपने आपल्या माणसांना घरी काम करण्यासाठी कॉम्प्युटर दिला होता, आणि ज्यांच्या घरी कामासाठी वेगळी खोली नव्हती त्यांना प्रयोगात घेतलेच नव्हते. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात ही अट कोणी घालणार नाही. निदान विजेचे बिल तरी बोलीत यावे.

दुसरी गोष्ट पैशाची तारीख. मजुराची मजुरी रखडवू नये, ही ताकीद या पानाच्या वाचकांना नवी नाही. कारखान्यातला कामगार पगार रखडला तर फाटकावर चारचौघांना घेऊन उभा राहतो. घरी काम करणारी बाई एकटी असते, तिला ‘पुढच्या आठवड्यात’ असे सांगणे सोपे जाते.

जोखीम कोणाची, हा तिसरा आणि सर्वात कठीण भाग. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, तेव्हा पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतले कामगार आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसले होते आणि अनेकांचा पगार चालू होता. ज्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या घरीच होते, त्या विडी कामगारांचे काम मात्र बंद पडले, कारण तंबाखू आणि पान पोचत नव्हते, माल उचलला जात नव्हता. हात घरात, साचा घरात, कातर घरात, आणि कमाई शून्य. दोघेही घरूनच काम करणारे. एकाला महिन्याचा पगार होता, दुसरीला दर हजारी. काम कुठे बसून होते यापेक्षा मंदीचा महिना कोणाच्या खात्यावर टाकला जातो, यावर सगळे ठरले.

घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. कारखान्यातल्या कामगाराशी त्यांची बरोबरी असावी, हा त्याचा गाभा. त्यासाठी इला भट्ट आणि त्यांच्या ‘सेवा’ संघटनेने वर्षानुवर्षे खटपट केली, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६चा विडी कायदा त्यांत विलीन झाला. सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्याची, अ‍ॅपवर काम करणाऱ्याची व्याख्या आहे. सेवा क्षेत्रात दोघांच्या संमतीने घरून काम करण्याला सरकारने वाट दिली आहे. शिवाय नव्या व्यवस्थेत कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचे आहे.

गोंदियातल्या विडी कामगार संघटनांना यातले शेवटचे कलम सर्वात जवळचे वाटायला हवे. घरी वळणाऱ्या बाईला आजवर मजुरीचे कार्ड मिळाले, ओळखपत्र मिळाले, काहींना पीएफचा नंबर मिळाला. त्यातल्या कितीतरी कागदांवर नाव सट्टेदाराचे असे आणि सट्टेदार बदलला की जुना हिशेब कोणाकडे मागायचा हे तिला कळत नसे. नियुक्तीपत्रावर मालकाचे नाव लिहावे लागते. तिथे कंपनीचे नाव पडते की पुन्हा सट्टेदाराचेच, हे येत्या वर्षभरात तिरोडा-आमगावच्या ओट्यांवर दिसेल. सालेकशाच्या त्या टॅली करणाऱ्या मुलीने मात्र वाट पाहायचे कारण नाही. गिरणीच्या मालकाकडे तिने पहिल्याच महिन्यात तो कागद मागावा, आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पैसे कोणत्या तारखेला, वीज-इंटरनेटचे किती, आणि ज्या महिन्यात काम आले नाही त्या महिन्याचे काय.